नाक, नांगर आणि अंगठा

‘नाक कापलं’ असं आपण मराठीत रोज म्हणतो. परीक्षेत नापास झालेल्या पोराने घराचं नाक कापलं, पाहुण्यांसमोर कुणी उलट बोललं तर नाक कापलं. रक्त कुठेच येत नाही. पण १८७३ च्या सुमारास भीमाशंकरच्या डोंगराळ पट्ट्यात या वाक्प्रचाराला रक्त आलं. आजच्या आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीच्या होनाजी भागूजी केंगले या महादेव कोळी माणसाने टोळी बांधली आणि सावकारांवर धाडी घालायला सुरुवात केली. इंग्रजी कागदपत्रांत तो ‘होन्या’ म्हणून येतो. त्याच्या टोळीने सावकारांची नाकं खरोखर कापली.

सरकारने त्याच्यावर १,००० रुपयांचं इनाम लावलं, साथीदारांवरही बक्षिसं जाहीर केली. पुणे, नगर, नाशिक आणि ठाण्याच्या डोंगरांत पोलीस धावत राहिले. शेवटी १८७६ मध्ये मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्याने त्याला पकडलं. विशेष म्हणजे, इंग्रज सरकारचं स्वतःचं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियरही मान्य करतं की डोंगरातल्या लोकांना सावकार सतत फसवत आणि अधूनमधून त्यांचा संताप अनावर होई. बंडखोराला पकडणारेच त्याच्या तक्रारीला दुजोरा देत होते.

माझं आजोळ घोडेगावच्या बाजूचं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांत एक सांगणं अजून ऐकू येतं, “अंगठा द्यायच्या आधी कागद दुसऱ्याकडून वाचून घे.” लहानपणी मला ते अडाणीपणाचं वाटायचं. या भागाचा इतिहास वाचल्यावर कळलं की ते वाक्य म्हणजे दीडशे वर्षांच्या फसवणुकीचा अर्क आहे. खोटेपणाची किंमत कोण देतं आणि किती पिढ्या देतं, हे शोधायला मला जुन्नर-आंबेगावच्या बाहेर फार लांब जावं लागलं नाही.

एकही नियम न मोडता

खोटेपणा म्हटला की डोळ्यांसमोर बनावट सही येते. तशीही होती. दिले पन्नास आणि लिहिले शंभर, भरलेल्या पैशांची पावती नाही, फिटलेलं खत परत नाही. १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या सरकारी आयोगापुढे असे प्रकार आले. पण मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा खोटेपणा, जो पूर्ण कायदेशीर होता.

जुना रिवाज होता दामदुपटीचा. व्याज कितीही साचलं तरी ते मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. शंभर घेतले, तर जास्तीत जास्त दोनशे द्यायचे. इंग्रजांनी १८५५ मध्ये व्याजदरावरची बंधनं काढली, तरी दामदुपट मुंबई इलाख्यातल्या हिंदूंसाठी कोर्टात टिकून होती. मग १८५९ चा मुदतीचा कायदा आला. नोंदणी नसलेल्या साध्या खतावर ३ वर्षांत दावा लावला नाही तर खत बाद. हेतू चांगला होता, जुनी थकलेली कर्जं माणसाच्या मानेवर कायमची राहू नयेत.

झालं उलटं. दर ३ वर्षांनी सावकार म्हणू लागला, “दावा लावतो, नाहीतर नवं खत लिहून दे.” नव्या खतात कालचं व्याज आजचं मुद्दल झालं. हिशोब करून बघा. समजा १०० रुपये, महिना शेकडा २ रुपये व्याज. ३ वर्षांनी १७२. नवं खत १७२ चं. ६ वर्षांनी २९५. ९ वर्षांनी ५०८. १२ वर्षांनी ८७५. मधल्या काळात एक पैसाही हातात पडलेला नाही.

आता यातली गंमत पाहा. प्रत्येक खतात व्याज ७२ टक्केच झालं, म्हणजे दामदुपट एकदाही मोडली नाही. मुदतीचा कायदाही मोडला नाही. प्रत्येक कागद वेगळा काढून तपासला तर स्वच्छ. सगळे एका ओळीत मांडले तरच चोरी दिसते. आम्ही प्रोग्रामिंगमध्ये अशा गोष्टीला बग म्हणतो, प्रत्येक फंक्शन आपापल्या चाचणीत पास होतं आणि सगळी मिळून भलतंच उत्तर देतात. फरक एवढाच की हा बग कुणाला तरी हवा होता.

ज्याच्या नावाने हे खत लिहिलं जायचं त्याला ते वाचता येत नव्हतं. शेतकरी सहीच्या जागी नांगराची खूण काढायचा. पूर्वी गावाच्या महजरावर पाटील नांगर काढायचा तेव्हा ती मानाची निशाणी होती. चार लोकांसमोर झालेल्या निवाड्याला आपण साक्षी आहोत, असं ती सांगायची. आता तीच खूण दुकानाच्या ओसरीवर, एकट्याने, न वाचलेल्या कागदाखाली उमटू लागली. दावा लागला की कोर्टात जायची भीती, वकिलाला पैसे नाहीत, म्हणून माणूस हजरच राहायचा नाही आणि निकाल एकतर्फी लागायचा. स्वतःची खूणच स्वतःविरुद्ध साक्षीदार झाली.

सुप्याची राख

घोड नदी आंबेगावच्या डोंगरात उगम पावते आणि खाली शिरूरकडे जाते. याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवरचा हुकूमनामा बजावला आणि त्यांचं घर पाडलं. गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याची शेतं कुणी कसायची नाहीत, त्याची हजामत करायची नाही, पाणी भरायचं नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात बहिष्काराची आग झाली. हे सुपे आज बारामती तालुक्यात येतं. तिथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत ती पसरली. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा.

शाळेच्या पुस्तकात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून एका परिच्छेदात संपतं. पण तपशील वेगळी गोष्ट सांगतात. जमावाला बहुतेक ठिकाणी पैसे नको होते, कागद हवे होते. सावकाराने खतं निमूटपणे काढून दिली तर त्याला सहसा हात लावला गेला नाही. खतं बाहेर आणायची, ढीग करायचा, पेटवायचं. माणसापेक्षा कागद जास्त गुन्हेगार आहे असं त्यांना वाटत होतं.

त्या ढिगात काय काय जळलं असेल? खोटी खतं जळली. दर ३ वर्षांनी फुगवलेली जळली. आणि खरी खतंही जळली, ज्यांत शेतकऱ्याने बैल घ्यायला खरोखर पैसे घेतले होते आणि सावकाराने खरोखर दिले होते. पेटवणाऱ्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नव्हता. राखेत खरं आणि खोटं वेगळं काढता येत नाही. सरळ व्यवहार करणारा एखादा दुकानदार असलाच, तर त्याने दुसऱ्याच्या लबाडीची किंमत मोजली.

रागही पूर्ण खरा नव्हता, हेही सांगायला हवं. मारवाडी आणि गुजर सावकार जवळपास एकटे लक्ष्य झाले. त्याच गावात तोच धंदा करणारे ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकार बहुतेक वाचले. लबाडी सगळ्यांची सारखी, पण शिक्षा परक्याला. ज्याने फसवलं त्याच्यापेक्षा जो आपला नाही त्याच्यावर दगड मारणं नेहमीच सोपं असतं, आणि आपण न्याय करतोय असं स्वतःला सांगणं हाही एक खोटेपणाच आहे.

पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, पावसाने दगा दिला आणि दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. माणसाला उसनवारीची सगळ्यात जास्त गरज पडते तो हा काळ. नेमक्या त्याच वेळी देणारा आणि घेणारा यांच्यात विश्वासाचा धागा उरला नव्हता.

तीन हजार कार्षापणं

हा सगळा प्रदेश एकेकाळी विश्वासाच्या कागदांवर, खरं तर विश्वासाच्या दगडांवर उभा होता. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी, तुळजा या लेणीसमूहांत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानाचे लेख आहेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायाच्या लोकांचा संघ, आणि तोच त्या काळची बँकही. मानमोडीत नहपान राजाचा अमात्य अयम याचा लेख आहे.

याच नहपानाचा जावई उषवदात. त्याने नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्यात, एक व्यवहार कोरून ठेवला आहे. ३,००० कार्षापणं विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० वर महिना शेकडा १, उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० च्या व्याजातून वर्षावासातल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणं कपड्यासाठी. करून बघा, वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ हेही २४०. हिशोब पैशापर्यंत जुळतो.

मला या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटी सापडते. हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि फळ्यावर नोंदवलं, असं तो लेख सांगतो. तेव्हाही बहुसंख्य लोकांना वाचता येत नव्हतं. म्हणून करार आधी कानांवर घातला, मग नोंदला, मग दगडात कोरला. नगराने ऐकलं म्हणजे नगर साक्षीदार झालं. त्या काळी लबाड लोक नव्हते असं हा लेख सिद्ध करत नाही. ते असणार हे गृहीत धरूनच ही व्यवस्था केलेली दिसते. पण ज्याला वाचता येत नाही त्याचं अज्ञान हे कुणाचं भांडवल होणार नाही, एवढी काळजी तिच्यात आहे.

सुप्याच्या ओसरीवर नेमकी हीच गोष्ट गायब झाली होती. व्यवहार होता, कागद होता, कायदा होता, स्टॅम्प होता. मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी नव्हतं.

इंद्रायणीत आणि आगीत

कर्जाची खतं नष्ट करणारा एक सावकार मात्र आपल्याला आधीपासून माहीत आहे. देहूच्या तुकोबांच्या घरात सावकारी होती. १६३० च्या भीषण दुष्काळात घरातली माणसं गेली, धंदा बुडाला. परंपरा सांगते की त्यांनी घरातल्या खतांचे दोन वाटे केले, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला. ज्या बाबाजी चैतन्यांना परंपरा तुकोबांचे गुरू मानते, त्यांची समाधी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला, कपर्दिकेश्वराच्या आवारात आहे. श्रावणातल्या सोमवारी तिथे गर्दी लोटते.

इंद्रायणीत बुडालेली खतं आणि सुप्यात जळालेली खतं यांत मला एक मोठा फरक दिसतो. बुडवणारा तो होता ज्याच्या हातात कागदाची सत्ता होती. जाळणारे ते होते ज्यांच्या मानेवर ती सत्ता होती. बुडवलेले कागद तर खोटेही नव्हते. पण ज्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही त्याच्यापुढे आपला खरा कागदही नाचवायचा का, असा प्रश्न त्या माणसाला पडला. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हा तपशील मला फार आवडतो. दुसऱ्याच्या पैशावर दानशूर होणं हीसुद्धा लबाडीच, आणि ती त्यांनी टाळली.

होनाजी डोंगरात फिरू लागला त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. नाव पाहा. धर्मसुधारणेच्या किंवा समाजसेवेच्या नावाने ही संस्था उभी राहिली नाही, सत्य शोधणाऱ्यांची म्हणून उभी राहिली. शेतकरी का नागवला जातो याची चिकित्सा त्यांनी पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये केली, आणि उत्तराची सुरुवात त्यांनी विद्येपासून केली. वाचता येणं हा त्यांच्यासाठी नोकरीचा नाही, फसवलं न जाण्याचा प्रश्न होता. एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यात, खोटेपणाला दोन उत्तरं उभी राहिली. एक नाक कापणारं, दुसरं डोळे उघडणारं. पहिलं ३ वर्षांत संपलं.

कायदा आला, शब्द गेला

१८७९ मध्ये सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. तो वाचताना त्यातल्या कलमांत मला प्रत्येक जुन्या लबाडीचा ठसा दिसतो. पावत्या दिल्या जात नव्हत्या, म्हणून लेखी पावतीची सक्ती. हिशोब दाखवला जात नव्हता, म्हणून वर्षाचा हिशोब आणि पासबुक. न वाचलेल्या कागदावर खुणा होत होत्या, म्हणून शेतकऱ्याचं खत गावच्या रजिस्ट्रारसमोरच लिहायचं. खतामागे खतं दडलेली होती, म्हणून कोर्टाने कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार उकरायचा. कर्जासाठी अटक बंद.

चांगला कायदा होता. पण तोपर्यंत लबाडी सवयीची झाली होती. गहाणखत तपासलं जातं ना, मग गहाणखत लिहायचंच नाही. सरळ खरेदीखत करायचं आणि तोंडाने सांगायचं, “पैसे फेडलेस की जमीन परत देतो.” कागद म्हणतो विकली, तोंड म्हणतं गहाण. पुढे वाद झाला की कागद जिंकायचा. दुसरीकडे काही कर्जदारही शिकले. खरं घेतलेलं कर्ज कोर्टात नाकारता येतं हे त्यांच्या लक्षात आलं. या कायद्याने कर्जदाराला खोटं बोलायला शिकवलं अशी टीका त्या काळीही होत होती.

माझ्या मते खोटेपणाची सगळ्यात मोठी किंमत हीच. पैसा जातो तो पुन्हा कमावता येतो, जमीन जाते तीही एखाद्या पिढीत परत येते. पण ज्याच्या हातात बेलभंडार दिला तर तो खोटं बोलणार नाही अशी खात्री होती, त्याचा शब्द एकदा गेला की तो कायद्याने परत आणता येत नाही. कायदा फक्त त्याच्या जागी स्टॅम्प, साक्षीदार, रजिस्ट्रार आणि ठसे बसवतो.

ठशाचीही गोष्ट तशीच. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारावर पूर्ण हाताचा ठसा घेतला. उद्या ‘सही माझी नाही’ असं त्याने म्हणू नये, एवढाच हेतू. त्यातून पुढे बोटांच्या ठशांचं शास्त्र वाढत गेलं. तुम्ही हा लेख वाचायला अंगठ्याने फोन उघडला असेल, तर त्या अंगठ्याच्या मागे एका माणसाने दुसऱ्यावर न ठेवलेला विश्वास आहे. ओटीपी, कॅप्चा, दोनदा पडताळणी, हे सगळं आम्ही इंजिनिअर रोज बांधतो. यातला मोठा भाग म्हणजे खोटेपणावर समाजाने भरलेला कर. तो खरं बोलणाराही भरतो.

लेखणी कुणाच्या हातात

काही वर्षांपूर्वी झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी देशभर धुमाकूळ घातला. पाच मिनिटांत पैसे. ‘मी सहमत आहे’ वर एक टिचकी. मंजूर रकमेतून प्रक्रिया शुल्क आधीच कापलेलं, म्हणजे लिहिले शंभर आणि दिले कमी. हप्ता चुकला की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर बदनामीचे मेसेज, फिरवलेले फोटो. काही लोकांनी जीव दिला. १८७३ मध्ये कर्जदाराने सावकाराचं नाक कापलं होतं, इथे सावकाराने कर्जदाराचं कापलं, त्याच्या मामासमोर, बॉससमोर, मैत्रिणीसमोर.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांचे नियम काढले. कर्जाचा खरा वार्षिक खर्च स्पष्ट सांगायचा, कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने डार्क पॅटर्नविरुद्ध नियम काढले आणि ग्राहकाला गुंगवणाऱ्या स्क्रीनचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. १८७९ चा कायदा शेजारी ठेवून वाचा, ओळखीचा वाटेल.

अशी स्क्रीन कुणी एक खलनायक बनवत नाही, हे मला धंद्यात राहून कळलंय. एक जण बटणाचा रंग ठरवतो, दुसरी अक्षरांचा आकार ठरवते, तिसरा टिकमार्क आधीच भरून ठेवतो कारण आकडा वाढतो. प्रत्येकाचं काम वेगळं काढून तपासलं तर स्वच्छ. सगळे घरी जाऊन शांत झोपतात. दर ३ वर्षांनी खत लिहिणारा कारकूनही झोपतच असणार. आत्म्याला भोक पडतं ते असं, आवाज न करता. माणूस खोटं एकदाही बोलत नाही, आणि तरी त्याच्या हातून खोटं रोज घडत राहतं. काही काळाने त्याला खरं काय ते विचारायचीही गरज वाटेनाशी होते.

जुन्या गावात लिहिता येणारा एखादाच असायचा, आणि त्याच्या लेखणीवर बाकीच्यांची जमीन अवलंबून असायची. आज वाचता बहुतेकांना येतं, पण चाळीस पानांच्या अटी कुणी वाचत नाही, म्हणजे आपण पुन्हा नांगराची खूण काढतोय. आणि त्या अटी ज्या स्क्रीनवर दिसतात ती बनवणारे माझ्यासारखे आहेत, पंचविशी-तिशीतले, पुण्यात नोकरी करणारे, ज्यांच्या आज्या कधीतरी अंगठा द्यायच्या. कागद आता आमच्या हातात आहे.

उषवदाताची कसोटी मला अजूनही पुरेशी वाटते. मी बनवलेली स्क्रीन घोडेगावच्या बाजारात उभं राहून, एकेक ओळ, हळू आणि मोठ्याने वाचून दाखवता येईल का? ऐकणाऱ्यांत आजोळची ती म्हातारी माणसंही असतील, आणि शंका आली की ती मधेच थांबवून विचारतील, “म्हणजे शेवटी द्यायचे किती?”